गुडगावच्या गॅलरीत

कानिफनाथनं गॅलरीचं दार लावलं ते एवढ्याचसाठी, की आतली ऊब बाहेर जाऊ नये. यात आपलं काही चुकलं असं त्याला आजही वाटत नाही. डिसेंबरातली दिल्लीकडची सकाळ, खोलीत हिटर लावलेला, आणि बायको दारात एक पाय आत, एक पाय बाहेर ठेवून उभी.

"अगं, आत तरी हो, न्हाईतर बाहेर तरी ये," तो म्हणाला.

सुकन्या बाहेर आली. त्यानं तिच्या पाठीमागं दार सरकवलं. दार लोण्यासारखं सरकलं आणि शेवटी 'खट्' असा आवाज झाला. हा आवाज कानिफनाथला फार आवडायचा. (त्याच्यावरच त्याचं घर चाललं होतं.)

पुणतांब्यात स्टेशनच्या रस्त्याला 'सुकन्या स्लायडिंग सेंटर' नावाचं दुकान आहे, ते त्याचं. आसपासच्या निम्म्याअधिक बंगल्यांना सरकती दारं आणि खिडक्या त्यानंच बसवून दिलेल्या. काम झालं की तो गिऱ्हाइकाला समोर उभं करायचा, दार सरकवायचा, खट् ऐकवायचा आणि म्हणायचा, "बघा. आता मुंगी आत येनार न्हाई." मुंगी खरंच येत नसे. बाहेर राहिलेल्या माणसानं काय करायचं, हे मात्र कुणा गिऱ्हाइकानं कधी विचारलं नव्हतं.

मुळात दिल्लीला यायचं कानिफनाथच्या मनात नव्हतं. यांचं लग्न होऊन मुलगी बारावीला आली, तरी हे दोघं असे दोघंच कुठं गेले नव्हते. तिरुपतीला गेले तेव्हा बरोबर आई, मावशी आणि मावशीची वाताची औषधं होती. कोकणात गेले तेव्हा जीपमध्ये इतकी माणसं होती, की सुकन्यानं अख्खा समुद्र जावेच्या खांद्यावरून पाहिला. शिर्डीला दोघं अधूनमधून जात, पण ते एखाद्या लॉजच्या खिडक्यांची मापं घ्यायला. तो टेप धरायचा, ती आकडे सांगायची, आणि येताना पेढे.

अशात पुतण्याचा, समर्थचा फोन आला. समर्थ गुडगावला नोकरीला. "काका, मी कामासाठी बंगळूरला चाललोय. फ्लॅट मोकळाच हाय. काकूला घेऊन या. सहावा मजला. व्ह्यू असला भारी हाय ना काका..."

"बघू बघू," कानिफनाथ म्हणाला. त्याच्या बघूचा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक होता.

एरवी फोनपासून लांब राहणाऱ्या सुकन्यानं त्या दिवशी त्याच्या हातातून फोन काढून घेतला. "समर्थ, आमी येतोय," ती म्हणाली आणि फोन परत दिला. मग भाकरी थापायला गेली.

कानिफनाथची आई, भीमाबाई, अंगणात ऊन खात बसली होती. "थंडी खायला दिल्लीला?" ती म्हणाली. "पहाटं नदीकडंला जाऊन बसा की. फुकाट हाय."

तरी ते निघाले. सुकन्यानं कोपरगावातून वांगी रंगाचा लांब कोट आणला. शिर्डीजवळच्या काकडीच्या विमानतळावरून विमानात बसताना तिनं तो घातला, तो दिल्लीत उतरेपर्यंत घामाघूम झाली तरी काढला नाही. गुडगावात पोचले तेव्हा संध्याकाळ होती आणि धुकं इतकं दाट, की टॅक्सीवाल्यालाच बिल्डिंग सापडेना. लिफ्टमध्ये सहा आकडा दाबला, समर्थनं कळवलेला कोड दाराच्या कुलुपावर टाकला, आणि आत आल्यावर दार आपोआप बंद झालं. कानिफनाथनं कुलूप सगळ्या बाजूंनी पाहिलं. "असली कुलपं आपल्याकडं चालायची न्हाईत," तो म्हणाला. "आपली मानसं दहादा घरात-बाहेर करत्यात."

दुसऱ्या दिवशी आग्र्याला जायचं होतं. समर्थनं गाडी सांगून ठेवली होती. ताजमहाल पाहायचा, संध्याकाळी परत, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी परतीचं विमान. सुकन्या पहाटेच उठली, अंघोळ केली, चांगली साडी नेसली, वर कोट चढवला आणि चहासाठी दूध गॅसवर ठेवलं. कानिफनाथ नुकताच उठलेला. अंगात बनियन आणि पायजमा, वर शाल, डोक्याला माकडटोपी. समर्थ म्हणाला होता तो व्ह्यू बघावा म्हणून तो गॅलरीत गेला.

व्ह्यू पांढरा होता. कठड्यापासून पुढं काही म्हणजे काहीच नव्हतं. खाली बघावं तर कठड्याच्या गजांमधूनही तोच पांढरेपणा.

"सुकन्ये, हिकडं ये! बघ तरी!"

"काय दिसतंय?"

"काहीच न्हाई! ये ना बघायला!"

ते काहीच-नाही बघायला ती आली, दारात घुटमळली, आणि मग वर सांगितलं तसं त्यानं दार लावलं.

दोघांनी थोडा वेळ धुकं पाहिलं. सुकन्या म्हणाली, "चला, दूध ठिवलंय." कानिफनाथनं दाराला हात घातला. दार हललं नाही. त्यानं दुसरा हात घातला. मग शाल खाली ठेवून दोन्ही हात घातले.

"काय झालं?"

"काही न्हाई. थंडीनं गच्च झालंय. आकुंचन पावतं."

सुकन्यानं त्याच्याकडं पाहिलं. आकुंचन हा शब्द तिनं घरात पहिल्यांदाच ऐकला. (कंपनीचा सेल्समन आला होता, त्याच्याकडून उचललेला.) कानिफनाथनं पाय रोवून दार ओढलं, खांद्यानं रेटलं, मग वाकून खालचा रूळ तपासला. आतली कडी पडली होती. दार जोरात लावलं की आपोआप पडणारी. अशी कडी तो स्वतः लोकांना जास्तीचे पैसे घेऊन बसवून द्यायचा.

"आतून लागलं व्हय?" सुकन्यानं विचारलं.

"लागलंय."

"मंग ही डावीकडची बाजू सरकती का बघू?"

"ती फिक्स असती."

"तुमाला काय ठाव?"

"सुकन्ये," कानिफनाथ म्हणाला, "मी दारं बसवतो."

दुकानाला तिचं नाव होतं, पण दारांचा विषय त्याचा होता.

काचेतून आतलं सगळं स्वच्छ दिसत होतं. पलंगावर दोघांचे फोन शेजारी शेजारी पडले होते. कोपऱ्यात हिटरच्या लाल कांड्या. आणि त्याच्या पलीकडं, हॉलला लागूनच असलेल्या उघड्या स्वयंपाकघरात, निळ्या ज्योतीवर दुधाचं पातेलं.

"अहो," सुकन्या म्हणाली. "दूध."

"बघतोय."

"बघून काय व्हनार? फुल्ल ठिवलाय मी गॅस. झटकन व्हावं म्हणून."

इतक्यात पलंगावर कानिफनाथचा फोन थरथरायला लागला. काचेला नाक लावून दोघांनी वाचलं. आग्र्याचा गाडीवाला होता. फोन वाजला, बंद झाला, पुन्हा वाजला. सुकन्यानं काचेवर हात ठेवला, जसा काही तिथून उचलता येणार होता.

मग कानिफनाथनं ओरडायचं ठरवलं. आधी त्यानं खालच्या दिशेनं ओरडून पाहिलं. "ओ भाऊ! ओऽऽ! कोई हाय का?" धुक्यानं आवाज गिळून टाकला. मग उजवीकडं. तिकडं शेजारची गॅलरी असावी, कारण तिकडून कुणीतरी नाक शिंकरलं.

"कौन है भाई?" एक म्हातारा, सर्दीनं भरलेला आवाज आला. माणूस काही दिसेना.

"हम बाजूवाले! समर्थ के काका! हम गॅलरी में अडक गये!"

"क्या हो गये?"

"अडक गये! कडी लग गयी, कडी!"

मग आवाज आला, "कढ़ी? सुबह-सुबह?"

"हां हां! कडी! अंदर से लगी है! और दूध गॅस पे है!"

"अरे भाई, कढ़ी दूध से नहीं बनती. दही डालो, दही."

"ते काय म्हनतायत?" सुकन्या कुजबुजली.

"दही घाला म्हनतायत."

"कशात?"

कानिफनाथकडं होती नव्हती ती हिंदी सगळी गोळा करून तो ओरडला, "चाचा! दरवाजा! दरवाजा बंद! हम बाहर, दूध अंदर!"

"अच्छाऽऽ," आवाज म्हणाला. "कुंडी लग गई. तो ऐसे बोलो ना. कढ़ी-कढ़ी कर रहे हो. घर में किसी का नंबर दो, फ़ोन लगाता हूँ."

कानिफनाथच्या डोक्यात एकही नंबर येईना. समर्थचा तर फोनमध्ये 'समर्थ' म्हणूनच होता. त्यानं डोळे मिटले आणि एक नंबर धडाधड सांगून टाकला. पलीकडं बटणं दाबल्याचे आवाज आले. आणि पलंगावरचा फोन पुन्हा थरथरायला लागला.

"घंटी जा रही है," शेजारी म्हणाला. "कोई उठा नहीं रहा."

"अहो, त्यो तुमचाच नंबर हाय," सुकन्या म्हणाली.

"मंग कुणाचा सांगू?"

"माझा तरी सांगायचा. म्हंजी तोबी आतच हाय, पन सांगायचा तरी."

"तुझा... अठ्ठ्यान्नव बावीस... शेवटी सत्याहत्तर हाय न्हवं?"

त्याचा नंबर तिला लग्नाच्या आधीपासून पाठ होता. दुकानाचा, आईंचा, मुलीच्या हॉस्टेलचा, सगळे पाठ होते. तिनं कोटाची वरची गुंडी लावली आणि काचेकडं तोंड केलं.

"भाईसाहब," पलीकडून आवाज आला, "इतना क्या परेशान होना. नीचे उतर जाओ."

"काय?"

"अरे नीचे उतर जाओ ना, बस. उतर के घूम के आ जाओ सामने से."

कानिफनाथनं कठड्यावरून खाली पाहिलं. सहा मजले. त्यानं सुकन्याकडं पाहिलं. तिनंही ते ऐकलं होतं.

"कसली मानसं हायत ही," तो दबक्या आवाजात म्हणाला. "खाली उतर म्हनतोय. सरळ सांगतोय. किती थंडपनानं सांगतोय बघ."

"त्येंना म्हनावं वॉचमनला तरी बोलवा."

त्यानं तसं ओरडून सांगितलं. "वॉचमन! वॉचमन को बुलाओ!" म्हातारा काहीतरी पुटपुटला, एक दार सरकलं आणि आवाज गेला.

"अहो," सुकन्या म्हणाली. "वर आलं."

दूध वर आलं होतं. ते आधी काठाशी आलं, जरा थांबलं, जणू कुणी येतंय का ते बघत होतं, आणि कुणी येत नाही म्हटल्यावर चारी बाजूंनी खाली उतरलं. ओट्यावर पांढरा ओघळ आला. निळी ज्योत फडफडली, एका बाजूला पिवळी झाली, आणि मग दिसेनाशी झाली.

दोघं काचेला चिकटून उभे होते. त्यांच्या श्वासानं काच धुरकट व्हायची आणि सुकन्या ती कोटाच्या बाहीनं पुसायची.

"विजला," ती म्हणाली.

"बरं झालं. दूध जळायचं न्हाई."

"अहो, ज्योत विजली. गॅस चालूच हाय."

कानिफनाथला कळायला जरा वेळ लागला. मग त्यानं आणि तिनं एकाच वेळी कोपऱ्यात पाहिलं. हिटरच्या कांड्या लालभडक होत्या. आदल्या रात्री थंडी येते म्हणून एकूणएक खिडकी त्यानंच बंद केली होती, आणि प्रत्येक खिडकीचा खट् नीट ऐकला होता. आता मुंगीसुद्धा आत येणार नव्हती, तर गॅस बाहेर कुठून जाणार?

राहात्याला एका घरात असंच झालं होतं. गॅस कोंडला, ठिणगी पडली आणि भिंतच बाहेर आली. खिडक्या नव्यानं बसवायला कानिफनाथच गेला होता.

"काच फोडा," सुकन्या म्हणाली.

"टफन काच हाय, सहजी फुटत न्हाई. हातोडी लागंल." तरी त्यानं चप्पल काढून काचेवर हाणली. मग लाथ मारली. काच जशीच्या तशी, त्याचा अंगठा मात्र ठणकायला लागला. गॅलरीत बघावं तर एक प्लास्टिकची कुंडी आणि कपडे वाळवायचा घडीचा स्टँड. स्टँड काचेवर मारला तो वाकला. सुकन्यानं कुंडी मारली, ती उसळून तिच्याच पायावर आली.

"वास येतोय का?"

"दारातनं कसा येईल? पॅक हाय दार."

त्याच्या आवाजात नकळत थोडा अभिमान आला. सुकन्यानं त्याच्याकडं असं पाहिलं, की त्यानं नजर कठड्याकडं वळवली.

मग कानिफनाथनं जे ठरवलं ते तो शुद्धीवर असता तर ठरवलं नसतं. कठड्यावरून शेजारच्या गॅलरीत जायचं. तिथून म्हाताऱ्याच्या घरातून बाहेर, मग समोरचं दार, कोड, आत. त्यानं शाल कमरेला बांधली आणि कठड्याला धरून एक पाय पलीकडं टाकला.

"अहो! अहो, काय करताय!"

"सोड मला. दुसरा रस्ता न्हाई."

"दुसरा न्हाई म्हनून हा? पाय ठिवायला तरी जागा हाय का तिकडं?"

"असंल. धुक्यात दिसंना."

सुकन्यानं त्याच्या कमरेची शाल दोन्ही हातांनी घट्ट पकडली. "मला ताजमहाल नको," ती म्हणाली. "मला दिल्लीबी नको. उतरा खाली. तुमी एवढं... एकदा तरी माझं ऐका."

"आन् तिकडं स्फोट झाला म्हंजी?"

"व्हऊ द्या. आपुन हितं बाहेर हाय. दोघंबी हाय."

हे ऐकून कानिफनाथला परत यावं असं वाटलं. त्यानं पाय आत ओढायला घेतला आणि नेमका त्याच वेळी मांडीत गोळा आला. असा आला, की पाय ना पुढं जाईना, ना मागं येईना. एक पाय गॅलरीत, एक पाय सहाव्या मजल्याच्या पोकळीत, मधोमध कठडा. त्यानं दोन्ही हातांनी कठडा कवटाळला आणि डोळे गच्च मिटले.

"सुकन्ये, गोळा."

"कुटं?"

"मांडीत. हलता येईना."

सुकन्यानं शालीचं टोक कठड्याच्या गजाला गाठ मारून बांधलं. तिला दुसरं काही सुचेना. मग ती मागं फिरली, डाव्या बाजूच्या काचेपाशी गेली आणि ती धरून सरकवली.

दार उघडलं.

जोर लावावा लागला नाही, काही नाही. अख्खी डावी बाजू गुळगुळीत सरकत उजवीकडं गेली. आतून गॅसचा उग्र वास अंगावर आला. कानिफनाथनं डोळे मिटलेले असूनही आवाज ओळखला. आयुष्यभर ऐकलेला आवाज तो.

"सुकन्ये? काय उघडलं?"

"फिक्स हुती ती," ती म्हणाली.

पदर नाकाला लावून ती आत धावली.

"सुकन्ये! मी! माझा पाय!"

"थांबा जरा! आधी गॅस!"

तिनं आधी शेगडीचं बटण फिरवलं, मग पाइपाची चावी, मग एक एक करून खिडक्या उघडत सुटली. हिटरच्या बटणाला तिनं हात लावला नाही; वास पार जाईपर्यंत ठिणगी नको, एवढं तिला त्या घाईतही सुचलं. कानिफनाथला हे काही दिसत नव्हतं. त्याला फक्त खिडक्यांचे आवाज येत होते आणि त्याच्या लोंबकळणाऱ्या पायाला वारा लागत होता.

मग त्या पायाला वाऱ्याखेरीज आणखी काहीतरी लागलं.

"साब," पायापासून आवाज आला. "किधर जा रहे हो?"

कानिफनाथनं एक डोळा उघडला. खाली धुक्यात, त्याच्या अंगठ्यापासून हातभर अंतरावर, एक डोकं होतं. लोकरीची टोपी, मिशीवर दवाचे थेंब. डोक्याखाली माणूस नव्हता, नुसतं धुकं होतं.

तो जे ओरडला ते पुणतांब्यात ऐकू गेलं असतं तर गाव गोळा झालं असतं. "सुकन्येऽऽ! मानूस हाय! हवेत उभाय! न्यायला आलाय!"

सुकन्या धावत बाहेर आली. कठड्यावरून वाकली. तिनंही ते डोकं पाहिलं. डोकं म्हणालं, "नमस्ते मॅडम. गेट से फ़ोन आया था."

वॉचमन होता. हवेत नव्हता, फुलांच्या वाफ्यात वाकून उभा होता. कारण समर्थच्या बिल्डिंगला खाली तीन मजले दुकानं, त्यावर दोन मजले पार्किंग, आणि पार्किंगच्या छतावर सोसायटीची बाग. बाग जिथं होती तिथूनच सहावा मजला सुरू होत होता. कठड्यापलीकडं हात-दोन हात खाली वाफा, वाफ्यात शेवंती. लोक रोज सकाळी तिथं चालायला येत.

वॉचमनच्या मागून धुक्यातून आणखी एक आकृती आली. स्वेटरवर स्वेटर घातलेले म्हातारे गृहस्थ, हातात झाकण घातलेलं भांडं. आवाजावरून ते शेजारी होते.

"मैं कब से बोल रहा हूँ, उतर जाओ, उतर जाओ," ते सुकन्याला म्हणाले. "ये सुनते ही नहीं. बहनजी, कढ़ी भी ले आया हूँ. रात की है, गरम कर दी."

सुकन्यानं भांडं घेतलं. दुसरं काय करणार?

तोवर वॉचमन कठड्यावर हात टेकून सहज वर आला, कानिफनाथच्या शेजारून गॅलरीत उतरला आणि दारापाशी गेला. डावीकडची बाजू त्यानं एका बोटानं इकडून तिकडं सरकवली. तिकडून इकडं सरकवली. पुन्हा एकदा सरकवली.

"दरवाज़ा तो ठीक है साब," तो म्हणाला. "बिलकुल मक्खन. आप गाँव में क्या काम करते हो?"

शेजारचे गृहस्थही उत्तराची वाट बघत होते. कठड्यावर घोड्यावर बसावं तसा बसलेला कानिफनाथ आधी दाराकडं, मग बायकोकडं बघत राहिला. सुकन्यानं भांड्यावरचं झाकण उचलून आत काय आहे ते फार लक्षपूर्वक पाहायला सुरुवात केली.

"खेती," कानिफनाथ म्हणाला.

"हाँ," वॉचमननं मान हलवली. "तभी."

आतून पुन्हा फोन वाजला. या वेळी सुकन्यानं जाऊन तो उचलला. बोलणं थोडंसंच झालं. ती बाहेर आली तेव्हा तिनं कोटाच्या गुंड्या सोडल्या होत्या.

"गाडीवाला," ती म्हणाली. "लई वेळ खाली थांबला, म्हनं. गेला आता. दुसरी मानसं घिऊन."

कानिफनाथचं तोंड उतरलं. "सुकन्ये, मी..."

"ऱ्हाऊ द्या."

आता ती रडेल असं त्याला वाटलं. मग आता ती भांडेल असं वाटलं. तिनं दोन्ही केलं नाही. ती कठड्यापाशी आली आणि खाली बघत उभी राहिली. धुकं जरा विरळ झालं होतं. वाफ्याची कड दिसायला लागली होती, त्याच्या पुढं फरशीची वाट, वाटेवर दोन बायका शाली गुंडाळून झपाझप चालल्या होत्या. एकीनं वर बघून हात हलवला. सुकन्यानंही हलवला.

मग तिनं कढीचं भांडं खाली ठेवलं, पदर खोचला, कोट पुन्हा नीट केला, कठड्याला धरलं आणि एक पाय पलीकडं, मग दुसरा पाय पलीकडं, अशी कुणाची मदत न घेता शेवंतीच्या वाफ्यात उतरली. उतरून हात झटकले. कुणाच्या खांद्यावरून न बघता, तिनं समोरची सगळी बाग एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

"या की," ती मागं वळून म्हणाली. "अर्ध्यात तर आलाच हाय तुमी."

"गोळा गेला न्हाई अजून," तो हळू आवाजात म्हणाला.

"मंग या सावकाश," सुकन्या म्हणाली, आणि त्या दोन बायकांच्या मागं वाटेनं चालायला लागली.

शेवटी वॉचमननं वरून आणि शेजाऱ्यांनी खालून धरून कानिफनाथला उतरवायचं ठरलं. शालीची गाठ सोडायला वेळ गेला, कारण सुकन्यानं ती जीव खाऊन मारली होती. "छोड़ो साब, हाथ छोड़ो," वॉचमन सांगत होता. कानिफनाथनं डोळे मिटले, दात आवळले, मनातल्या मनात घरच्यांचा निरोप घेतला आणि हात सोडले. त्यानं श्वास रोखून वाट पाहिली. काहीच होईना. चालणाऱ्या बायका थांबल्या होत्या. कुणीतरी हसू दाबत होतं. मग वॉचमननं त्याच्या खांद्यावर थोपटलं.

"साब, आँखें तो खोलो. ज़मीन कब की आ गई."